वारा न सांगणारी टोपली

फिलाडेल्फियाजवळच्या आर्डमोर गावात मेरियन गोल्फ क्लब आहे. तिथल्या ईस्ट कोर्सवर होलमधल्या काठीच्या टोकाला झेंडा नसतो. असते ती वेताने विणलेली, लांबट अंड्याच्या घाटाची टोपली. पहिल्या नऊ होलना लाल, पुढच्या नऊंना नारिंगी.

गोल्फच्या नियमांना यात वावगं काही दिसत नाही. काठीने होलची जागा दाखवली की झालं, तिला कापड हवंच असं नाही. पण खेळाडू झेंड्याकडून आणखी एक काम फुकटात करून घेतात. वारा कुठून येतोय, किती जोराचा, हे तो फडफडून सांगतो आणि त्यावरून चेंडू मारायचा क्लब निवडला जातो. टोपली ढिम्म हलत नाही. मग चिमूटभर गवत उडवायचं, झाडांचे शेंडे न्याहाळायचे. तरी आपण उभे आहोत तिथला वारा आणि ग्रीनवरचा वारा एकच असेल याची हमी कोण देणार? टोपलीच्या बाजूनेही बोलायला हवं: वारा पडला की झेंडा काठीला चिकटून लोंबतो, टोपली मात्र चारही बाजूंनी सारखीच दिसते.

हा कोर्स 1912 साली खुला झाला. आखणी ह्यू विल्सन यांची. ब्रिटनमध्ये मेंढपाळ काठीला शिदोरीची टोपली अडकवतात, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली म्हणे. कथा इतकी गोड आहे की संशयच येतो. कागदोपत्री सापडतं ते मैदानाची देखभाल पाहणाऱ्या विल्यम फ्लिन यांचं नाव. 1915 साली त्यांनी या टोपलीचं पेटंट घेतलं. पुढे हेच फ्लिन नामवंत कोर्स-रचनाकार झाले.

आता टोपली क्लबच्या बोधचिन्हावरही आहे. चोरीच्या धास्तीने कर्मचारी टोपल्या रोज संध्याकाळी आत नेतात, सकाळी पुन्हा लावतात.

गंमत म्हणजे इथे झालेल्या 1950 च्या यूएस ओपन स्पर्धेत, गोल्फपटू बेन होगनच्या अठराव्या होलवरच्या गाजलेल्या फटक्याच्या वेळी, मैदानावर साधे झेंडेच होते. 2013 च्या इथल्या यूएस ओपनला टोपल्या होत्या. जस्टिन रोझ जिंकला तो पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन. त्याचं श्रेय टोपल्यांना द्यायचा मोह होतो खरा, पण घाम काढला तो दाट रफने आणि चिंचोळ्या फेअरवेंनी.