मोटारीच्या टपावरचे पाणभुंगेरे
यंदा मृगाची पहिली सर येऊन गेली त्या रात्री ओसरीवरच्या दिव्याखाली एकही पाणभुंगेरा पडला नाही. सकाळी मात्र पुतण्याच्या नव्या काळ्या मोटारीच्या टपावर दोन मेलेले आणि एक अर्धमेला असे तीन सापडले. चकचकीत काळ्या पृष्ठावरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यावरून येणाऱ्या प्रकाशासारखाच आडवा ध्रुवित असतो, आणि रात्री उडणारा हा जीव पाण्याचा दाखला त्यातच शोधीत असल्यामुळे त्याची अशी उघड फसगत होते.

जॉन कर्टिसने १८२७ साली ज्या प्रजातीला सायबिस्टर, म्हणजे ग्रीक भाषेत कोलांट्या घेणारा, असे नाव दिले, तिचा आमच्या तासगाव तालुक्यातील वृत्तान्त पुष्कळ काळ नीरसच होता. १९४९ साली आम्ही साताऱ्यातून दक्षिण साताऱ्यात गेलो, १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. दप्तरे हलली, विहिरीतले रहिवासी हलले नाहीत. (नामकरणाचा शौक या कुळाच्या अभ्यासकांनाही होताच: डेव्हिड शार्पने १८८२ साली भावकीतील एका प्रजातीला चंद्रगुप्त मौर्याचे ग्रीक नाव, सँड्राकॉटस, बहाल केले.)

सांगावे असे दशक एकच, १९७२ च्या दुष्काळाचे. माणसे सुकडीवर आणि खडी फोडून जगत होती, आणि आमच्या मोट थांबलेल्या जुन्या विहिरीत उरलेल्या हातभर पाण्यात हे बदामाएवढे, हिरवट काळे, पिवळ्या काठाचे भुंगेरे मागचे दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एकदम मारीत, पुच्छभाग वर काढून पंखांखाली हवा भरून घेत आणि पुन्हा बुडी मारीत. त्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या धरून, पोकळ जबड्यांतून पाचक रस आत सोडून, त्यांना शोषून घेत. हे सारे मी, नवखा विज्ञानशिक्षक, हिवतापाच्या बंदोबस्तासाठी आलेल्या एका साहेबांना पायरीवर उभा राहून दाखविले. 'मास्तर, किडे ते किडेच,' असे म्हणून त्यांनी जळके तेल ओतण्याचा हुकूम सोडला. तवंगाखाली डासांच्या अळ्यांचा श्वास कोंडतो हे खरे, परंतु हवेसाठी वर येणाऱ्या भुंगेऱ्यांचाही कोंडतो. तिसऱ्या दिवशी मी ते सुपाने गोळा केले. साहेब बढतीवर गेले आणि डास पुढच्याच पावसात परतले.

त्यानंतरच्या बोअरच्या आणि द्राक्षबागांच्या वर्षांविषयी लिहिण्याचा मला कंटाळा आहे. विहिरीवर स्लॅब पडला, एवढी नोंद पुरे.

अर्धमेल्याला मी बादलीत सोडले. दुपारी त्याने पुच्छ वर काढून हवा घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली रिकामी होती, आणि मी आधी मोटारीचा टप पाहून आलो.