हिंगोलीची गाडी आणि तिची उत्तरेची वाट

हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची हिंगोलीतील छावणी 1903 साली उठली आणि त्यानंतर नऊ वर्षांनी, 1912 मध्ये, गावात आगगाडी आली. ज्या फौजेच्या तैनातीमुळे हिंगोलीचे नाव इंग्रजी दप्तरात चढले होते तिच्या वाट्याला ही सोय आली नाही. ती आली कापसाच्या व्यापाऱ्यांच्या वाट्याला. हैदराबादेहून मनमाडकडे जाणारी मीटरगेज लाइन गोदावरीच्या खोऱ्यातून शतकाच्या आरंभीच सुरू झाली होती. तिच्यावरील पूर्णा या स्थानकापासून वसमतमार्गे उत्तरेकडे सुमारे 80 किलोमीटरचा फाटा काढण्यात आला, आणि तो हिंगोलीस येऊन थांबला. पुढे पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे मालकी नावापुरती निजामाची परंतु अंमल इंग्रजांचा असा मुलूख. या शिवेपाशी रूळ संपावेत, यात मालाच्या हिशेबापेक्षा राजकारणाचा हिशेबच अधिक असावा असे मला वाटते. स्थानकाचे नाव अद्याप ‘हिंगोली डेक्कन’ असेच आहे. संस्थाने गेली, परंतु त्यांची बिरुदे रेल्वेच्या वेळापत्रकात सुखाने नांदत आहेत.

स्वराज्य आल्यावर ती शीव पुसली गेली, तेव्हा कुठे हे बंद टोक उघडण्याचा विचार झाला, आणि वाशीम, अकोला व अकोटवरून सातपुडा ओलांडून खंडव्यापर्यंतचा दुवा 1960 च्या सुमारास पुरा झाला. नकाशावर ही रेघ किरकोळ दिसते. परंतु तिच्यामुळे दक्षिणेतील मीटरगेजचे जाळे माळवा-राजपुतान्यातील जाळ्याशी जोडले गेले, आणि काचीगुड्याहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस हिंगोलीच्या फलाटावरून सुटून इंदूर, रतलाम, चितोड असे करीत थेट राजस्थानात पोचू लागली. हिंगोलीजवळचा औंढ्याचा नागनाथ आणि नर्मदाकाठचा ओंकारेश्वर, अशी दोन ज्योतिर्लिंगे एकाच रुळाच्या आधाराला आली, हा योग तर यात्रेकरूंच्या दृष्टीने मोठाच म्हणावयाचा. आडवळणाचे गाव अशा रीतीने हमरस्त्यावर आले.

या हमरस्त्याला खोड होती ती रुंदीची. मीटरगेजच्या दोन रुळांतील अंतर 1000 मिलिमीटर, ब्रॉडगेजचे 1676; ही पाऊण मीटरदेखील नसलेली तफावत क्षुल्लक वाटली, तरी मनमाडला अथवा अकोल्याला जेथे या दोन पद्धती शेजारी येत, तेथे कापसाची गाठ असो की हळदीचे पोते, प्रत्येक नग हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाई, आणि त्या बदलीत वेळ, मजुरी व थोडाबहुत माल, तिन्ही खर्ची पडत. 1992 मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज ठेवण्याचे धोरण स्वीकारले ते याच कारणाने. रुंदीकरण म्हणजे दोन रूळ थोडे दूर सरकवणे, अशी समजूत सर्रास आढळते. वस्तुतः भराव रुंद करावा लागतो, स्लीपर नवे घालावे लागतात, पूल जादा वजन पेलतील असे बांधावे लागतात, आखूड वळणे सैल करावी लागतात, फलाट उंचवावे लागतात, आणि हे सारे होईतो गाडी बंद ठेवावी लागते. त्या अवधीत एकदा एस.टी.कडे वळलेला उतारू गाडी पुन्हा सुरू झाली म्हणून लगेच परत येतोच असे नाही.

पूर्णा-अकोला हा 209 किलोमीटरचा टप्पा या दिव्यातून 2008 मध्ये बाहेर पडला. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी; तेव्हा नव्या जिल्ह्याला रुंद रुळाची गाडी दशकाच्या आतच मिळाली, हे कबूल केले पाहिजे. 2024 मध्ये मुंबई-जालना जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आणण्यात आली. परंतु हे सारे भाग्य दक्षिणेकडून व पश्चिमेकडून आलेले आहे. उत्तरेचे दार अद्याप नीट उघडलेले नाही. हैदराबाद-जयपूर गाडी हिंगोलीवरून जाते खरी, परंतु अकोल्याहून ती सरळ सातपुड्यात न शिरता भुसावळचा वळसा घेते. जुन्या वाटेने अकोला-खंडवा हे अंतर 176 किलोमीटर होते, ते या वळशाने अडीचशेच्या वर जाते.

ती जुनी वाट जानेवारी 2017 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्यातील सुमारे 39 किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात. धूळघाटापाशी चढ इतका तीव्र की, तो सरळ चढणे मीटरगेजच्या इंजिनाला शक्य नव्हते. म्हणून अभियंत्यांनी टेकडीभोवती रुळाचे असे वेटोळे घातले की, गाडी वळत वळत चढून थोड्या वेळाने ज्या रुळावरून आली त्याच रुळाला वरच्या पुलावरून ओलांडीत असे, आणि खिडकीतल्या उतारूला मघाशी मागे टाकलेली वाट आपल्या पायाखाली दिसे. अशी रचना आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी आहे. तेथे आता गाडी जात नाही.

जावी काय, हा वाद मात्र बराच गाजला. मेळघाट हा 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ अरण्यांपैकी एक. हळू चालणाऱ्या चार-दोन गाड्या रानाने सोसल्या, परंतु रुंद मार्गावरून रात्रंदिवस धावणाऱ्या मालगाड्या त्याला सोसवतील असे मानण्यास आधार नाही. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 2020 मध्ये रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून अरण्याबाहेरच्या पर्यायी मार्गाचा आग्रह धरला, आणि अखेरीस अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद, खकनार असा सुमारे 30 किलोमीटर लांबीचा जादा फेरा पत्करण्यात आला. माझ्या मते हा निर्णय योग्यच होय, आणि तो केवळ वाघांच्या दृष्टीने नव्हे. जंगलातून जाणाऱ्या रुळाला उतारू थोडे, तर अकोला-बुलढाण्याच्या या पायथ्याच्या गावांत बाजारपेठा आहेत, शाळा-महाविद्यालयांची ये-जा आहे, आणि त्यांपैकी सोनाळा-जामोदसारख्यांनी तर आजवर आपल्या दारात आगगाडी पाहिलेली नाही.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा एक दाखला येथे विचारार्ह आहे. एडिंबरो ते कार्लाइल हा मार्ग तोट्याचा ठरवून 1969 मध्ये बंद करण्यात आला, रूळ उखडले गेले, जागा विकल्या गेल्या. लोकांनी चिकाटीने पाठपुरावा केल्यावर 2015 मध्ये त्याचा उत्तरेकडील भाग ट्वीडबँकपर्यंत पुन्हा सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक उतारूंनी तो वापरला. परंतु ट्वीडबँकच्या पुढे कार्लाइलपर्यंतचा मार्ग आजही बंदच आहे, आणि अर्ध्या मार्गाचे यश हे उरलेल्या अर्ध्याच्या मागणीला जसे बळ देते तसे ‘इतके पुरे’ म्हणणाऱ्यांच्या हातीही कोलीत देते.

हिंगोलीची अवस्था नेमकी तशी आहे. अकोल्याहून अकोटपर्यंत 44 किलोमीटर रुंदीकरण होऊन नोव्हेंबर 2022 मध्ये प्रवासी गाडी सुरू झाली. अकोटच्या पुढचा प्रश्न निव्वळ पैशाचा नाही, कारण नवा मार्ग म्हणजे नवे भूसंपादन, आणि भूसंपादन म्हणजे मोजणी, सातबारा, मोबदला व फेरफार, ज्यांची गती मंत्रालयातील घोषणेच्या गतीशी क्वचितच जुळते. शिवाय वाट अनेक जिल्ह्यांतून आणि दोन राज्यांतून जाते, तेव्हा कागदही तितक्याच टेबलांवरून फिरतो. खंडव्यापलीकडे इंदूरजवळच्या महूपर्यंतचे काम वेगळेच. तेथेही घाटात जुनी वाट सोडून नवी आखावी लागली आहे, आणि महूकडील नियमित मीटरगेज गाडी 2023 मध्ये बंद झाली. तेव्हा अकोट-खंडवा पूर्ण झाले तरी हिंगोलीचा उतारू इंदूरला थेट पोचेल तो महूचे काम संपल्यावरच, आणि ही दोन्ही कामे दोन निरनिराळ्या रेल्वेंच्या दप्तरांत असल्याने एकाने दुसऱ्याची वाट पाहत बसण्यास सबब आयतीच मिळते.