कल्पित देवमंडळ : एक चिन्हव्यवस्था

सोस्यूरची ‘मूल्य’ ही संकल्पना तुम्हांला परिचित आहे. चिन्हाचा अर्थ त्याच्या पोटात दडलेला नसतो. व्यवस्थेतील इतर चिन्हांहून असलेल्या त्याच्या वेगळेपणातून तो सिद्ध होतो. हे तत्त्व भाषेबाहेर कितपत टिकते, हे पाहण्यासाठी एक काहीसे अनपेक्षित उदाहरण घेऊ : भूमिकाखेळांतील कल्पित देवमंडळे. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी रचली हे आपल्याला ठाऊक असते. खऱ्या दैवतांच्या अभ्यासात ही सोय क्वचितच मिळते.

प्रथम खेळाविषयी. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. काही जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन कल्पित जगाचे वर्णन करतो. बाकीचे त्या जगातील एकेका पात्राच्या वतीने बोलतात, निर्णय घेतात आणि यशापयशाचा निवाडा फाशांवर सोपवतात. (घरात तरुण मुले असतील, तर वीस बाजूंचा फासा कदाचित तुमच्या पाहण्यात आला असेल.) पात्रांच्या वर्गांत ‘क्लेरिक’ म्हणजे शस्त्रधारी पुरोहित हा एक वर्ग होता. गंमत अशी, की मूळ नियमपुस्तिकांत पुरोहित होता, परंतु तो कोणत्या देवाचा, हे सांगितलेले नव्हते. स्थान आधी निर्माण झाले आणि ते भरण्यासाठी देव मागाहून आले.

ते आले तेव्हा त्यांच्यासाठी एक चौकट हळूहळू सिद्ध झाली. एका अक्षावर नियम, तटस्थता आणि स्वैरता. दुसऱ्यावर सुष्टता, तटस्थता आणि दुष्टता. अशी नऊ घरे. आपल्या वर्णमालेतील प, फ, ब, भ हे वर्ण घोषत्व आणि महाप्राणत्व या दोन लक्षणांनी वेगळे होतात, तशीच ही रचना आहे. या खेळाच्या 2000 सालच्या आवृत्तीतील हायरोनियस आणि हेक्स्टर हे दोन देव पाहा. दोघे सावत्र भाऊ, दोघेही युद्धाचे देव, दोघेही नियमाच्या बाजूचे. मात्र एक सुष्ट, दुसरा दुष्ट. ‘काल’ आणि ‘गाल’ यांत केवळ घोषत्वाचा भेद असतो. येथेही मुख्य भेद एकाच लक्षणाचा आहे. हायरोनियस ‘शूरत्वाचा देव’ ठरतो, तो हेक्स्टरची क्रूरता शेजारी उभी असते म्हणून. एकाला काढून टाका, दुसऱ्याच्या अर्थाची धार बोथट होईल.

येथपर्यंत सोस्यूर उत्तम लागू पडतो. अडचण पुढे आहे, आणि ती आपल्या दारातली आहे. 1976 मधील एका पुरवणीत आणि 1980 च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवांबरोबर भारतीय दैवतेही आली. इंद्र, अग्नी, उषा, विष्णू, लक्ष्मी, काली अशी नावे तेथे आढळतात. प्रत्येकापुढे चिलखताची प्रत, किती घाव सोसता येतील त्याचा आकडा आणि चौकटीतील एक घर. खेळाला आकडे लागतातच. त्याबद्दल रागावण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. या ग्रंथात ऋग्वेदातील उषा आणि पुराणांनी थोर केलेली लक्ष्मी एकाच प्रतलावर येतात. इंद्राचे काय होते ते पाहा. ऋग्वेदात तो वृत्राला मारणारा पराक्रमी देव आहे आणि विष्णू त्याचा साहाय्यक सखा. पुराणांत कोणी तप आरंभिले, की आसन डळमळल्याने भयभीत होणारा हाच इंद्र आहे; गोवर्धनप्रसंगी त्याचा गर्व विष्णूचा अवतारच उतरवतो. नाव तेच, शेजारी बदलले, म्हणून मूल्य बदलले. एककालिक चौकट हा बदल टिपू शकत नाही, कारण तिला काळच नसतो. आपल्या उत्तरपत्रिकांतून ‘इंद्र म्हणजे पावसाचा देव, वरुण म्हणजे पाण्याचा देव’ अशी वाक्ये मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. ती याच चौकटीतून लिहिलेली असतात, लिहिणाऱ्याने तो खेळ कधी पाहिलेला नसला तरी.

देवमंडळ दुसऱ्या रीतीनेही रचता येते. ग्रेग स्टॅफर्ड यांनी 1966 पासून ‘ग्लोरँथा’ हे जग कल्पिण्यास आरंभ केला. 1978 मधील ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ त्या जगात घडतो. तेथील वादळाचा देव ऑरलँथ सूर्यदेव येल्मचा वध करतो. जगावर अंधार पसरतो, विश्वच कोलमडू लागते. अखेर स्वतःच्या कृत्याचे परिमार्जन करण्यासाठी ऑरलँथ सोबत्यांसह मृतांच्या लोकात उतरतो, येल्मशी समेट करतो आणि सूर्य परत येतो. त्या जगात काळाचा आरंभ तेथूनच होतो. येथे ऑरलँथचा अर्थ ‘वादळ’ या शब्दाने संपत नाही. तो हत्यारा आहे आणि उद्धारकही. कोणता, हे कथेच्या कोणत्या टप्प्यावर आपण थांबतो यावर ठरते. शिवाय सांगणारा कोण, हेही महत्त्वाचे. वादळाचे उपासक त्याला मुक्तिदाता म्हणतात, सूर्याचे उपासक बंडखोर. स्टॅफर्डने यांपैकी कोणत्याही पक्षाला अंतिम निवाडा दिलेला नाही, आणि माझ्या मते हेच त्याच्या रचनेचे खरे बळ आहे. उपासक विधीद्वारे दैवतकथेत शिरतात, देवाची कृती पुन्हा करतात आणि त्यातून सामर्थ्य मिळवतात. म्हणजे कथा येथे अलंकार म्हणून येत नाही. अर्थ तीच घडवते. पहिल्या व्यवस्थेत देवाला घर मिळते, दुसरीत त्याला वाक्यातील शब्दाप्रमाणे मागचापुढचा संदर्भ मिळतो.

स्वाध्याय : आपल्या गावातील अथवा घराण्यातील एक दैवत निवडा. ‘अमुक गोष्टीचा देव’ हा शब्दप्रयोग न करता त्याची ओळख दहा ओळींत लिहा. त्याच्या शेजारी कोणती दैवते आहेत, त्याची कथा कोण सांगतो आणि ती सांगणारे दोन गट कोणत्या तपशिलावर वेगळे होतात, याची नोंद अवश्य करा.