श्रीलंकेची धम्मयात्रा : पैसा जपून, डोळे उघडे ठेवून

अनुराधपूरचा बोधिवृक्ष एकदा डोळ्यांनी पाहावा, ही इच्छा आता आपल्या वस्त्यांतील अनेक घरांत बोलून दाखवली जाते. मुलगा नोकरीला लागला किंवा वडिलांना फंडाचे पैसे मिळाले, की बुद्धगयेनंतर लंकेचा विषय निघतो. इच्छा चांगली आहे. परंतु हा पैसा घामाचा असतो, म्हणून तो कुठे व कसा खर्च होणार हे आधी समजून घेतले पाहिजे.

आपला व लंकेचा संबंध जुना आहे. सम्राट अशोकाच्या काळी तिसऱ्या संगीतीनंतर ठिकठिकाणी थेर पाठवले गेले, तेव्हा महाधम्मरक्खित थेर महारट्ठात आले आणि महेंद्र थेर लंकेला गेले, असे महावंस ग्रंथ सांगतो. १९५० साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर माईसाहेबांसह लंकेला गेले. कँडी येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेला ते उपस्थित होते. ज्याला आपण पंचशील ध्वज म्हणतो, तोही १८८५ साली कोलंबोतच तयार झाला.

आधी कागद, मग तिकीट

प्रौढाच्या ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये आहे. साठ वर्षांवरील नागरिकांना व आठ वर्षांखालील मुलांना त्यात दहा टक्के सवलत मिळते. अडचण फीची नसून नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे आणि लग्नानंतरचे तिसरे, असे आपल्या आयाबहिणींच्या बाबतीत नेहमी घडते. कित्येकांच्या जन्मतारखाही जुळत नाहीत. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी सर्व कागद समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे व दुरुस्ती करून घ्यावी. विमानाच्या तिकिटावरील नाव पासपोर्टप्रमाणेच हवे. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी.

लंकेत प्रवेशासाठी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. तिचे नियम व फी अलीकडच्या वर्षांत अनेकदा बदलली आहे. त्यामुळे शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून मगच तिकीट काढावे. सरकारी व महापालिकेच्या नोकरांनी परदेशी जाण्यासाठी खात्याची लेखी परवानगी वेळेवर मागावी. रजा मंजूर झाली म्हणजे ही परवानगी मिळाली, असे होत नाही.

पैशाचा हिशोब

कर्ज काढून यात्रा करू नये. बँकेत दरमहा २००० रुपयांचे आवर्ती खाते उघडले, तर दोन वर्षांत व्याज सोडून ४८ हजार रुपये जमतात. घरातील दोघे कमावते असतील, तर दोघांनी मिळून हे सहज करता येते.

सहल काढणाऱ्याकडे पैसे भरताना छापील पावती घ्यावी. जेवण, प्रवेशशुल्क, विमा व व्हिसा यांपैकी दरात काय धरले आहे आणि काय नाही, हे कागदावर लिहून घ्यावे. आमच्या भागातील एका मंडळाला आयोजकाने "सर्व खर्चासह" असे तोंडी सांगितले होते. तिथे पोहोचल्यावर प्रत्येक स्थळाच्या तिकिटाचे पैसे वेगळे मागितले गेले आणि दोन वृद्ध बायांना बसमध्येच बसून राहावे लागले. तोंडी शब्दाला हिशोबात किंमत नसते, हे ध्यानात ठेवा.

आपला एक रुपया दिला की लंकेचे तीनहून अधिक रुपये मिळतात. त्यामुळे तेथील किमतीचे आकडे मोठे वाटले तरी घाबरू नये. मात्र परदेशी पाहुण्यांना प्राचीन स्थळांचे तिकीट महाग पडते. सार्क देशांच्या नागरिकांना काही ठिकाणी सवलत आहे, ती पासपोर्ट दाखवल्यावरच मिळते. पैसे विमानतळावरील बँकेत बदलावेत व पावती जपून ठेवावी. २०२४ पासून तिथे काही दुकानांत आपले यूपीआय चालते, पण केवळ त्यावर विसंबू नये.

केव्हा जावे

लंकेत पाऊस दोनदा येतो. मे ते सप्टेंबर तो पश्चिम व दक्षिण भागात, तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तर व पूर्व भागात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळांची भीती असते. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या 'दित्वा' चक्रीवादळाने डोंगराळ भागाचे मोठे नुकसान केले. म्हणून निघण्यापूर्वी कँडीकडील रेल्वे व रस्त्यांची चौकशी करावी. आपल्या लोकांना फेब्रुवारी-मार्च सोयीचा.

प्रत्येक पौर्णिमेला तिथे सुट्टी असते. तिला 'पोया' म्हणतात. त्या दिवशी दारू व मांसाची विक्री बंद असते. वैशाख पौर्णिमेला रस्तोरस्ती कंदील लागतात आणि 'दन्सल' नावाचे मोफत अन्नदानाचे मंडप उभे राहतात. महेंद्र थेरांच्या आगमनाची पोसोन पौर्णिमा जूनमध्ये येते. हे सोहळे पाहण्यासारखे असतात, पण तेव्हा अनुराधपुरात खोली मिळणे कठीण. वृद्ध व लहान मुले बरोबर असतील तर साधे दिवस निवडावेत.

काय पाहावे

विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायके येथे आहे. त्यामुळे कोलंबोत न थांबता थेट अनुराधपूरला निघता येते. तिथे दोन दिवस द्यावेत. संघमित्रा थेरींनी बुद्धगयेहून आणलेल्या फांदीचा जय श्री महाबोधी आजही हिरवा आहे. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ माहीत असलेल्या वृक्षांत तो सर्वांत जुना मानला जातो. त्याचे पान तोडू नये. जवळच रुवनवेलीसाय स्तूप, थूपाराम व विटांचा अजस्र जेतवनाराम आहे. बारा-तेरा किलोमीटरवर मिहिंतले टेकडी आहे. पायऱ्या १८४०, परंतु वाहनाने बरीच चढण वाचते.

परतीच्या वाटेवर दंबुल्लाची लेणी पाहावीत. पुढे मातले गावाजवळ अलुविहार आहे. सहलवाले बहुधा तिथे गाडी थांबवत नाहीत, तेव्हा आग्रह धरावा. शेकडो वर्षे मुखोद्गत राहिलेले त्रिपिटक इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात इथेच ताडपत्रावर उतरवले गेले. अक्षराचे मोल आपल्याहून अधिक कोण जाणतो? पुढे कँडीचे दंतधातू विहार आणि शेवटी कोलंबोजवळचे केलनिया, असे पाच-सहा दिवसांत नीट होते. सिगिरियाचा खडक प्रसिद्ध आहे, पण तिकीट महाग व चढण उभी. पैसे मोजके असतील तर तो गाळावा. समुद्राला लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नये.

वागण्याच्या गोष्टी

विहारात खांदे व गुडघे झाकलेले हवेत. आपल्याकडे अशोक विजयादशमीला नेसायची पांढरी साडी तिथे अगदी योग्य. चपला व टोपी बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी तापते, म्हणून जुने पायमोजे बरोबर ठेवावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे अपमान समजतात. आपल्या तरुणांनी विशेष लक्ष द्यावे: अंगावर बुद्धाचे गोंदण असेल तर ते झाकूनच फिरावे. २०१४ साली एका ब्रिटिश बाईला दंडावर बुद्धाचे गोंदण होते म्हणून परत पाठवले होते. बुद्धाचे चित्र असलेले शर्टही नेऊ नयेत.

जेवण भात, नारळ व तिखट कालवण यांचे असल्याने कोकणातल्या माणसाला परके वाटत नाही. मासे न खाणाऱ्यांनी मात्र विचारून घ्यावे, कारण नारळाच्या चटणीतही सुक्या मासळीचा चुरा असतो. पाणी बाटलीचे किंवा उकळलेले प्यावे. डेंग्यूमुळे डासांचे मलम व पुरती औषधे चिठ्ठीसह बरोबर न्यावीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे

लंका बौद्धांचा देश आहे म्हणून तिथे जात नसेल, असे समजून कोणी जाऊ नये. १७५३ साली स्थापन झालेल्या सियाम निकायात भिक्षूंची उपसंपदा परंपरेने गोविगम या वरच्या जातीपुरती राहिली. त्याला उत्तर म्हणून इतर जातींच्या लोकांनी ब्रह्मदेशातून उपसंपदा आणून अमरपूर निकाय उभा केला. १९८३ ते २००९ या काळात त्या देशाने यादवी युद्धही भोगले आहे. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाकडे नेले ते समतेसाठी. ती समता कुठल्याही देशात आयती मिळत नाही, एवढे जाणून गेलात तर निराशा होणार नाही. सिंहली-तमिळ वादात मात्र पाहुण्याने मत देत बसू नये.

असे असले तरी महाबोधीच्या ओट्यावर एखादी सिंहली आजी त्रिसरण-पंचशील म्हणू लागेल, तेव्हा तुमच्या आईला भाषांतराची गरज पडणार नाही. शब्द तेच पालीचे आहेत. तिला तिथे घाईने उठवू नका. सहलीच्या वेळापत्रकातला एक तास त्यासाठी आधीच राखून ठेवा. परत आल्यावर खर्चाचा कागद व पत्त्यांची वही विहारात ठेवा, म्हणजे पुढच्या कुटुंबाला उपयोगी पडेल.

जयभीम! नमो बुद्धाय!