डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील अक्षरे आणि क्रूसाच्या वाटेवरील आकडे

गौतमपुऱ्याकडील आमच्या एका शेतकरी बांधवाला शहरातील इस्पितळातून घरी सोडले, तेव्हा मिळालेल्या कागदावर एका इंजेक्शनच्या नावापुढे 'आय' आणि 'व्ही' ही दोन अक्षरे होती. घरच्या शाळकरी मुलाने ती वाचून सांगितले, "हा रोमन चार आहे." कॅन्सरच्या पायऱ्या रोमन आकड्यांनी लिहितात व चौथी शेवटची, एवढे कोणीतरी कधी ऐकलेले होते. दोन दिवस त्या घरात चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी कागद आमच्याकडे आला. ती अक्षरे आकडा नव्हतीच. 'इंट्राव्हेनस', म्हणजे औषध शिरेतून दिले, एवढाच त्यांचा अर्थ. 'आय.एम.' असते तर स्नायूत. मुलगा तसा चुकला नव्हता. आकडा म्हणून वाचले तर तो चारच! पण औषधाच्या नावापुढे ही अक्षरे आली तर ती वाट सांगतात, आणि रोगाच्या नावापुढे किंवा 'स्टेज' या शब्दापुढे आली तर आकडा. एवढी खूणगाठ बांधावी.

रोमन आकडे शिकण्याची आपल्याला जी सोय आहे ती इतरांना नाही. चर्चच्या भिंतीवर क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने असतात, आणि बहुधा त्यांवर रोमन आकडेच असतात. दर उपवासकाळात आपण त्यांच्यापुढे गुडघे टेकतो, पण आकड्याकडे पाहत नाही. पाचव्या स्थानी कुरेनेकर शिमोन प्रभूला हात देतो. हाताचा पंजा ताणून धरा, अंगठा आणि करंगळी यांमध्ये 'व्ही' दिसेल. तो पाच. त्याच्याखाली दुसरा 'व्ही' उलटा धरला की 'एक्स' होतो, म्हणजे दोन पंजे, दहा. चौथ्या स्थानी प्रभूला माता भेटते. तेथे 'व्ही'च्या आधी एक रेघ आहे. मोठ्याच्या आधी लहान आला तर वजा करावे, मागून आला तर मिळवावे. सहाव्या स्थानी तीच रेघ मागे गेली आहे. प्रभू तिसऱ्यांदा पडतो ते नववे स्थान, तेथे दहाला एक कमी. चौदावे स्थान कबरेचे, दहा आणि चार. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांच्या नावापुढे हाच आकडा लावतात. (जुन्या घड्याळांत चारच्या जागी चार उभ्या रेघाही दिसतात, त्याने गोंधळू नये.)

त्यापुढच्या मोठ्या आकड्यांसाठी आम्ही मुलांना एक वाक्य दिले आहे: "लसूण सोला, डबा मोजा." एल, सी, डी, एम, म्हणजे ५०, १००, ५०० आणि १०००. माळव्यात लसूण सोलायला शिकवावे लागत नाही.

आता चिठ्ठीकडे वळू. तिच्यावरची बरीच अक्षरे लॅटिनची आहेत. सेमिनरीत लॅटिन घोकताना आम्हांला वाटे, याचा शेतकऱ्याला काय उपयोग! पण ती भाषा आपल्या भाषांची दूरची बहीण आहे. 'बी.डी.' म्हणजे 'बिस इन दिए', दिवसातून दोनदा. 'बिस' आणि संस्कृत 'द्विस्' हे एकाच घरचे शब्द. ते नकोसे वाटले तर 'बे एके बे' आठवा, बी म्हणजे बे. 'टी.डी.एस.' मधला टी तीनचा. 'क्यू.आय.डी.' म्हणजे चार वेळा. क्यू हे अक्षर म्हणजे गोल भाकरी आणि तिला शेपूट, चौथ्या वेळी उरलेली. हसू आले तरी चालेल, हसू आलेले लवकर विसरत नाही. 'ओ.डी.' म्हणजे रोज एकदा. ओ सूर्यासारखा गोल, आणि सूर्य दिवसातून एकदाच उगवतो. मात्र चष्म्याच्या किंवा डोळ्याच्या कागदावर हेच 'ओ.डी.' उजव्या डोळ्यासाठीही येते.

'एच.एस.' म्हणजे 'होरा सोम्नि', झोपेची वेळ. होरा शब्द ज्योतिषामुळे आपल्याला ठाऊक आहे, आणि 'सोम्नि' हा 'स्वप्न'चा भाऊबंद. 'ए.सी.' जेवणाआधी, 'पी.सी.' जेवणानंतर, पी म्हणजे पोटभर. 'एस.ओ.एस.' हे बुडत्या जहाजाचे बोलावणे नव्हे. 'गरज पडली तरच' असा त्याचा अर्थ. गरज पडली म्हणून वाटेल तितक्या गोळ्या घ्यायच्या असेही नाही. तापाच्या पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत निदान ४ ते ६ तास जाऊ द्यावेत.

दोन ठिकाणी मात्र आमची कोणतीही युक्ती पुरी पडत नाही. सांधेवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. तिच्यासाठी अक्षरे नकोत, वारच लिहून घ्यावा: 'फक्त सोमवारी' किंवा डॉक्टर सांगतील तो. दुसरे इन्सुलिन. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली की डोस अडीच पटीने चुकतो.

औषधाची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केला आहे. तेव्हा "डॉक्टरसाहेब, हे काय लिहिले?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही. शेतातल्या फवारणीच्या औषधाचेही तसेच. डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा, आणि कोणाला विषबाधा झालीच तर डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत घेऊनच इस्पितळ गाठावे.

ज्यांच्या घरी न उलगडणारी चिठ्ठी असेल त्यांनी ती रविवारी मिस्सानंतर घेऊन यावी. आम्हांलाही अक्षर लागले नाही, तर दुकानदाराला अंदाज करू न देता ती डॉक्टरांकडेच परत पाठवू.