रेषेवरील बिंदूंचे सहनिर्देशक व ऊर्ध्व बदल : बोरघाट रेल्वेमार्गाच्या संदर्भात

प्रस्तावना :
रने देकार्त यांच्या १६३७ मधील ग्रंथामुळे भूमितीला बीजगणिताची जोड मिळाली व बिंदूचे स्थान संख्यांच्या जोडीने सांगणे शक्य झाले. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी रेषेच्या चढाचे सूत्र पाठ म्हणतो. परंतु त्यातील वजाबाकीचा अर्थ त्याला क्वचितच उमगलेला असतो. प्रस्तुत लेखात हा अर्थ एका परिचित उदाहरणाद्वारे स्पष्ट केला आहे.

विवेचन :
१८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाट रेल्वेमार्गावर १:३७ इतका तीव्र चढ आहे. म्हणजेच ३७ मीटर आडवे अंतर कापताना मार्ग १ मीटर उंच जातो. हा कोन जेमतेम दीड अंशाचा. तरीही पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत येथे जादा इंजिने जोडावी लागतात.

समजा, अशा चढावर अ (१००, ३००) व ब (८४०, ३२०) हे दोन बिंदू आहेत. पहिला सहनिर्देशक आडवे अंतर, तर दुसरा उंची मीटरमध्ये दर्शवितो. अ कडून ब कडे जाताना ऊर्ध्व बदल ३२० − ३०० = २० व क्षैतिज बदल ८४० − १०० = ७४० होतो. म्हणून चढ २०/७४०, अर्थात १/३७ येतो. उंची समुद्रसपाटीऐवजी अन्य पातळीपासून मोजल्यास दोन्ही संख्या बदलतील, मात्र त्यांतील फरक २० च राहील.

उलट दिशेने ऊर्ध्व बदल −२० होतो. गाडीच्या दृष्टीने हा उतार आहे व तेथे ब्रेकची कसोटी लागते. परंतु क्षैतिज बदलही −७४० असल्याने रेषेचा चढ १/३७ च राहतो. विद्यार्थ्यांची नेमकी चूक येथे होते : अंशात एक क्रम व छेदात दुसरा क्रम घेतल्यास उत्तर −१/३७ येते आणि चढणारी रेषा कागदावर उतरू लागते.

रेषेवर ऊर्ध्व बदल क्षैतिज बदलाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे १८५ मीटरचा प्रत्येक टप्पा ५ मीटर उंची देतो. उभ्या रेषेवर मात्र क्षैतिज बदल शून्य असल्याने ऊर्ध्व बदल सांगता येतो, चढ सांगता येत नाही.

निष्कर्ष :
सहनिर्देशक स्थान सांगतात, त्यांतील फरक बदल सांगतो आणि फरकांचे गुणोत्तर चढ सांगते. या तीन पायऱ्या स्वतंत्रपणे शिकविल्यानंतरच सूत्र द्यावे. अन्यथा विद्यार्थ्याजवळ केवळ उत्तर राहते, अर्थ राहत नाही.