निगेटिव्हचं माप आणि गडाची चढण

मीडियम फॉरमॅटचा जुना फिल्म कॅमेरा घ्यायचं मनात आलं, की पहिली चौकशी हमखास निगेटिव्हच्या मापाची होते. ती गैर नाही. ३५ मिमी फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. कोडॅकने १९०१ मध्ये आणलेल्या आणि आजही मिळणाऱ्या १२० क्रमांकाच्या रोलवर ‘सहा बाय सात’ची चौकट साधारण ५६ बाय ७० भरते, म्हणजे क्षेत्रफळ साडेचार पट. निगेटिव्ह जितकं मोठं, तितकं ते प्रिंटसाठी कमी वाढवावं लागतं. दाणा दिसत नाही, ढगातल्या करड्या छटा एकमेकींत अलगद मिसळतात. एवढं कळलं की माणूस थेट पेंटॅक्स ६७ किंवा मामिया आरबी ६७ शोधायला लागतो. माझ्या मते निसर्गचित्रणासाठी हे माप सर्वात शेवटी पाहावं. आधी दोन गोष्टी पाहाव्यात: कॅमेरा पाठीवर घेऊन किती चढायचं आहे, आणि मंद वेगाला त्याचं शटर किती हादरतं.

हादऱ्याचा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. निसर्गदृश्यात पायाजवळचा कातळ आणि समोरची डोंगररांग दोन्ही रेखीव हवे असतात. निगेटिव्ह मोठं झालं की त्याची ‘नॉर्मल’ लेन्सही लांब होते. ३५ मिमीला ५० मिमीची, तर पेंटॅक्स ६७ ला १०५ची. लांब लेन्समध्ये फोकसची खोली कमी, म्हणून छोट्या कॅमेऱ्यात एफ/११ ला जे साधतं त्यासाठी इथे एफ/२२ पर्यंत जावं लागतं. आता हिशेब करा. शंभर आयएसओची फिल्म भर उन्हात एफ/१६ ला १/१०० सेकंद मागते, एफ/२२ ला १/५०. पण भर उन्हात निसर्गचित्रं काढतो कोण? सकाळचा उजेड तीन स्टॉप कमी धरला, तर शटर १/६ सेकंदावर येतं. पेंटॅक्स ६७ चा भलामोठा आरसा आणि कापडी पडद्याचं शटर नेमकं याच टापूत सर्वाधिक धक्का देतात. ज्या बॉडींत सोय आहे तिथे आरसा आधी वर उचलून ठेवता येतो हे खरं, पण पडद्याचा धक्का उरतोच. मग जाणकार सांगतात, भक्कम ट्रायपॉड घ्या. सल्ला बरोबर आहे. फक्त तो ट्रायपॉडही वर न्यायचा असतो. साडेचार पट निगेटिव्हची कमाई अशी एका धक्क्यात, नाहीतर दोन-तीन किलो जादा ओझ्यात खर्ची पडते.

आरबी ६७ ची गोष्ट जरा वेगळी. शटर लेन्समध्ये, पाकळ्यांचं, पूर्ण यांत्रिक. कॅमेरा न हलवता मागची पेटी फिरवून आडवी चौकट उभी करता येते. भात्यामुळे अगदी जवळचं फोकस जमतं. साताऱ्याजवळचं कास पठार घ्या. गाडी थेट तिथवर जाते, फुलं इवलीशी, त्यांच्याजवळ जाऊनच चित्र काढावं लागतं. तिथे आरबीसारखा कॅमेरा नाही. पण लेन्स आणि पेटीसकट त्याचं वजन पावणेतीन किलोच्या घरात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे कड्यावर ऊन येणार ते दुपारनंतर, आणि मावळतीचं चित्र हवं तर बहुधा गडावरच मुक्काम. पाणी, शिधा, तंबू भरल्यावर सॅकमध्ये किती जागा उरते ते खिरेश्वरहून टोलार खिंड चढलेल्यांना विचारा. जड कॅमेरा पहिल्या खेपेला हौसेने वर जातो. पुढे तो घरच्या कपाटात राहतो.

म्हणून गड चढणाऱ्यांसाठी माझं मत याशिका मॅट १२४ जीला. १९७० ते १९८६ या काळातला हा दोन लेन्सचा चौकोनी डबा सुमारे १.१ किलोचा आहे. फोटो घेताना त्यात आरसा हलत नाही, शटर पाकळ्यांचं आहे आणि बॅटरी फक्त मीटरला लागते. आक्षेप तीन. एक, लेन्स बदलता येत नाही. मान्य, ज्यांना रुंद लेन्सशिवाय करमत नाही त्यांनी सहा बाय साडेचारचा ब्रॉनिका ईटीआरएसआय पाहावा. (हॅसलब्लाड बाकी सगळ्या कसोट्यांना उतरतो, खिशाच्या नाही.) दोन, चौकट चौरस. पण छायाचित्रकार मायकेल केन्नाने हॅसलब्लाडच्या चौरसातच निसर्गचित्रणाचं बरंच काम उभं केलं; शिवाय चौरस चार बाय पाचला कापला तरी ५६ बाय ४५ उरतं, ३५ मिमीच्या जवळजवळ तिप्पट. तीन, बघायची लेन्स वेगळी असल्याने आकाश गडद करणारा अर्धा फिल्टर नेमका कुठवर आला ते दिसत नाही. स्लाइड फिल्म वापरणाऱ्याला हा आक्षेप खरोखर जड जाईल. निगेटिव्ह फिल्म मात्र जादा उजेड बराच पचवते. काळ्या बसाल्टच्या सावलीला धरून मोजमाप घेतलं तर आकाश सहसा सांभाळलं जातं.

विकत घेताना नावापेक्षा नग पाहा. शटर एक सेकंदावर ठेवून कानाशी धरा. यंत्र मध्येच अडखळलं तर तेल सुकलेलं आहे. मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, आणि आपल्या दमट पावसाळ्यात ती वाढतच जाते. मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून धरा, शटर ‘बी’वर उघडं ठेवा आणि वरच्या काचेत रेखीव दिसणारी खिडकीची जाळी कागदावरही तितकीच रेखीव उमटते का पाहा, दोन्हींत फरक असेल तर तो कॅमेरा कितीही चकचकीत असला तरी परत द्या. तिन्ही तपासण्यांतून पार पडलेला याशिका मिळाला, तर सहा बाय सातसाठी काढून ठेवलेल्या पैशातून जे उरेल ते फिल्मवर खर्च करा.